अवे मॅचला जाणाऱ्या चाहत्यांचा खर्च: क्लबने किती उचलावा आणि कसा?

दूरचा_कॉर्नर (धागाकर्ता)

अवे चाहत्यांचं, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आपला संघ बघायला जाणाऱ्यांचं, कौतुक करताना सगळे क्लब एका सुरात बोलतात. सामना संपला की खेळाडू त्यांच्या कोपऱ्याकडे जाऊन टाळ्या वाजवतात, कोणी जर्सी काढून देतो. पैशाचा विषय निघाला की मात्र हा चाहता नेमका कोणाचा, असा प्रश्न पडतो. त्याच्या तिकिटाचे पैसे यजमान क्लबला जातात, प्रवासाचे रेल्वेला नाहीतर बसवाल्याला. त्याच्या स्वतःच्या क्लबला त्या दिवशी त्याच्याकडून काही मिळत नाही. आणि यजमानांना तो पुढच्या सीझनपर्यंत दिसणारही नाही, मग त्याची सोय बघायची गरज त्यांना तरी का वाटावी?

पूर्वी असं नव्हतं. इंग्लंडच्या लीगमध्ये १९८३ पर्यंत गेटवर जमलेल्या रकमेतला काही हिस्सा पाहुण्या क्लबला मिळत असे. म्हणजे आपले चाहते सोबत नेण्यात पाहुण्या क्लबचाही फायदा होता. मोठ्या क्लबांना ही वाटणी नको होती. ती बंद झाली आणि गेटचा सगळा पैसा यजमानांचा झाला. माझ्या मते अवे चाहता पोरका झाला तो तिथे. एफए कपात (इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत) मात्र गेटचे पैसे दोन्ही क्लबांत वाटले जातात, आणि पाहुण्यांना स्टेडियमच्या १५ टक्क्यांपर्यंत तिकिटं मागता येतात. कपच्या सामन्यांना तो मोठा, गजबजलेला अवे एंड (पाहुण्या चाहत्यांचा स्टँड) दिसतो त्याचं हे एक कारण आहे.

पुढे काय झालं ते बहुतेकांना आठवत असेल. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांना तिकीट ६२ पौंडांना लावलं गेलं. सिटीने आपल्या वाट्याची ९१२ तिकिटं न विकता परत पाठवली. लीगचा गतविजेता संघ आणि त्याच्या अवे एंडमध्ये रिकाम्या खुर्च्या! त्याच महिन्यात चाहत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 'ट्वेंटीज प्लेंटी' ही मोहीम सुरू केली. मागणी सरळ होती, अवे तिकीट २० पौंडांच्या वर नको. त्या वर्षीच प्रीमियर लीगच्या क्लबांनी तीन सीझनसाठी १ कोटी २० लाख पौंडांचा निधी ठरवला. प्रत्येक क्लबला सीझनला २ लाख पौंड, आणि ते अवे चाहत्यांवरच खर्च करायचे. कोणी तिकीट स्वस्त केलं, कोणी बस दिल्या. स्वॉन्झीने २०१५-१६ मध्ये आपल्या चाहत्यांना प्रत्येक अवे तिकीट जास्तीत जास्त २२ पौंडांना दिलं आणि वरचा फरक स्वतः भरला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलचे चाहते ७७ पौंडांच्या तिकिटाच्या निषेधार्थ ७७व्या मिनिटाला उठून बाहेर गेले. प्रश्न घरच्या तिकिटांचा होता, पण हादरा सगळ्या लीगला बसला. पुढच्याच महिन्यात क्लबांनी अवे तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा मान्य केली आणि २०१६-१७ पासून ती लागू झाली.

ही मर्यादा हा चाहत्यांनी मिळवलेला मोठा विजय आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण तिकीट हा खर्चाचा एक भाग झाला. उत्तरेतल्या न्यूकॅसलहून दक्षिण किनाऱ्यावरच्या बोर्नमथला जाऊन परत येणाऱ्याला ३० पौंडांचं तिकीट ही त्या दिवसातली सर्वांत स्वस्त गोष्ट असते. माझं म्हणणं एवढंच आहे की अवे प्रवासाला मदत ही क्लबच्या अंदाजपत्रकातली कायमची बाब असावी, नियमाने बांधलेली. मालकाची मर्जी, खेळाडूंची शरम किंवा एखाद्या आठवड्यातला गदारोळ यांवर ती अवलंबून नसावी. तुम्हाला काय वाटतं?

---

मधली_फळी

धागा आवडला. आकडे मांडून बघू या, म्हणजे 'परवडत नाही' या उत्तराचा निकाल लागेल.

प्रीमियर लीगमध्ये यजमानांनी पाहुण्यांना ३,००० तिकिटं द्यायची असतात. स्टेडियमची क्षमता ३०,००० पेक्षा कमी असेल तर १० टक्के. सीझनला १९ अवे सामने. म्हणजे एका क्लबच्या वाट्याला फार तर ५७,००० अवे तिकिटं. बोर्नमथसारखी छोटी मैदानं धरली तर प्रत्यक्षात त्याहून कमी.

३० पौंडांची मर्यादा आल्यावर आर्सेनलने आपल्या चाहत्यांसाठी प्रत्येक तिकिटामागे आणखी ४ पौंड भरले, त्यांना तिकीट २६ ला पडलं. सगळी ५७,००० तिकिटं धरली तरी हा खर्च सीझनला २,२८,००० पौंड होतो. जुन्या निधीतली प्रत्येक क्लबची रक्कमही याच्याच आसपास होती.

आता दुसऱ्या बाजूला ठेवा २०२३-२४ चा सीझन. तळाला राहिलेल्या शेफील्ड युनायटेडलाही लीगकडून साधारण ११ कोटी पौंड मिळाले. तळाच्या संघाला! वरचा खर्च ढोबळमानाने अडीच लाख धरला तरी तो म्हणजे शंभर पौंडांतले तेवीस पेन्स. राखीव गोलकीपरच्या पगारातही याहून जास्त पैसे जात असतील. तेव्हा प्रीमियर लीगपुरता तरी 'पैसे कुठून आणायचे' हा प्रश्नच नाही. देण्याची इच्छा आहे की नाही, एवढाच आहे.

---

जादा_वेळ

अडीच लाखांवरून चेल्सीचं प्रकरण आठवलं. धागाकर्त्यांचा मुद्दा यातून फार स्पष्ट होतो.

चेल्सीत बरीच वर्षं अवे सामन्यांना बसचं जाऊन-येऊन भाडं १० पौंड होतं. बाकीचा खर्च क्लब उचलायचा. लांबच्या सामन्याला जाणाऱ्या पोरांसाठी, निवृत्तांसाठी ही सोय म्हणजे जायचं की नाही याचा निकाल होता. २०२३ च्या शरद ऋतूत नव्या मालकांच्या काळात क्लबने ही सवलत बंद करायचं ठरवलं. वर्षाला अडीच लाख पौंड वाचणार होते. त्याआधीच्या दोन-तीन ट्रान्सफर विंडोंत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या काळात) याच क्लबने खेळाडूंवर शंभर कोटींच्या घरात खर्च केला होता, पौंडांतच बोलतोय मी.

सपोर्टर्स ट्रस्टने (चाहत्यांच्या संघटनेने) आवाज उठवला, वर्तमानपत्रांत आलं. मग टॉड बोहली आणि काही सहमालकांनी त्या सीझनपुरता खर्च स्वतःच्या खिशातून द्यायचं जाहीर केलं. चाहत्यांना बस मिळाली, ते चांगलंच झालं. पण 'स्वतःच्या खिशातून' या शब्दांनी मला अस्वस्थ केलं. काल जी क्लबची व्यवस्था होती ती आज मालकांचं दान झाली. दान देणारा उद्या थांबला तर त्याला जाब विचारता येत नाही.

---

डावा_पाय

@जादा_वेळ, अगदी बरोबर. त्याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे दारुण पराभवानंतरची परतफेड.

२००९ मध्ये टॉटनहॅमकडून ९-१ हरल्यावर विगनच्या खेळाडूंनी आपल्या प्रवासी चाहत्यांचे तिकिटाचे पैसे परत केले. २०११ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ८-२ हरल्यावर आर्सेनलने तिथे गेलेल्या चाहत्यांना पुढच्या एका अवे सामन्याचं तिकीट दिलं. २०१४ मध्ये साउथॅम्प्टनला ८-० हरल्यावर संडरलंडच्या खेळाडूंनी तिकिटाचे पैसे परत केले, एप्रिल २०२३ मध्ये न्यूकॅसलला ६-१ हरल्यावर टॉटनहॅमच्या खेळाडूंनी.

त्या खेळाडूंच्या मनात खोट नव्हती असं मी मानतो. संडरलंडहून साउथॅम्प्टन म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. आठ गोल खाल्लेले बघून रात्रभर परत यायचं, आणि कोणीतरी म्हणतं की निदान पैसे तरी घ्या. माणसाला बरं वाटतंच.

पण चाहता निकाल विकत घ्यायला जात नाही. १-० ने हरलेल्या कंटाळवाण्या मंगळवारच्या सामन्याला जो जातो त्याचा खर्चही तेवढाच असतो, आणि त्याला कोणी काही परत करत नाही. पैसे परत देण्यामागे एक गृहीतक आहे की आम्ही तुम्हाला वाईट माल दिला. मला ते पटत नाही. मी संघासोबत असायला जातो. मदत करायची तर जायच्या आधी करा, सगळ्या सामन्यांना करा. आठ गोल होण्याची वाट कशाला?

---

शिट्टी

मी थोडा विरोधात बोलणार आहे, राग मानू नये.

तुम्ही सगळे 'अवे चाहता' म्हणताय तो कोण आहे? मोठ्या क्लबांत अवे तिकिटं पॉइंटवर मिळतात. मागच्या सीझनमध्ये जे गेले त्यांना यंदा प्राधान्य, यंदा जे गेले त्यांना पुढच्या वर्षी. तीच माणसं वर्षानुवर्षं आत असतात. नव्याला शिरायला वाव नसतो, वीस वर्षांच्या मुलाला तर नाहीच. अशा बंद वर्तुळाला क्लबने आणखी सवलत द्यायची आणि घरच्या तिकिटांचे दर मात्र दरवर्षी वाढवायचे, हा न्याय कसा? क्लबकडे अडीच लाख असतील तर घरच्या मैदानावरची मुलांची तिकिटं स्वस्त करा. त्याचा लाभ कितीतरी जास्त लोकांना होईल.

---

दूरचा_कॉर्नर

@शिट्टी, राग कसला, हा आक्षेप यायलाच हवा होता.

पॉइंटच्या वर्तुळाबद्दल तुमचं म्हणणं मान्य. अवे एंडचं सरासरी वय वाढत चाललंय हे तिथे उभं राहिलं की दिसतं. पण त्यावर उपाय पैसे काढून घेणं हा नाही, पैशाला अट घालणं हा आहे. क्लबने मदत देताना वाट्यातली काही तिकिटं पॉइंटबाहेर ठेवावीत, तरुणांसाठी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. काही क्लब तरुणांसाठी असा हिस्सा ठेवतातही. बसमध्येही तसंच करता येईल.

'घरची तिकिटं की अवे' ही निवड मात्र मला मान्य नाही. @मधली_फळी यांचा हिशेब पुन्हा बघा. अडीच लाख पौंड ५०,००० च्या स्टेडियममध्ये १९ सामन्यांवर पसरले तर प्रत्येक खुर्चीला सव्वीस पेन्स येतात. घरच्या चाहत्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. तेच पैसे बसवर खर्च केले तर हजारो लोकांचा प्रवास शक्य होतो.

---

रेषेवरून

युरोपियन सामन्यांचं कोणी लिहिलं नाही अजून. तिथे तर अवे चाहत्याला लुटायची रीतच पडली होती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सेव्हियाने मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना तिकिटाचे ८९ पौंड लावले. युनायटेडने काय केलं, तर परतीच्या सामन्याला सेव्हियाच्या चाहत्यांनाही ८९ लावले आणि त्या जादा कमाईतून आपल्या प्रत्येक चाहत्याला ३५ पौंडांची सूट दिली. पुढच्या वर्षी बार्सिलोनाने १०२ पौंड लावले, तेव्हाही हाच उपाय. युनायटेडचा चाहता म्हणून मी तेव्हा खूश झालो होतो. क्लब आपल्या बाजूने उभा राहिला असं वाटलं.

पैसे कोणाकडून आले ते बघितल्यावर मात्र अडचण होते. दर ठरवला सेव्हियाच्या व्यवस्थापनाने, आणि भुर्दंड बसला सेव्हियाच्या चाहत्याला. त्याचा यात काय दोष? दोन क्लब भांडले आणि दोन्हीकडून चाहत्यांच्याच खिशाला हात घातला गेला.

शेवटी उपयोगी पडला तो नियमच. २०१९-२० पासून युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) चॅम्पियन्स लीगच्या अवे तिकिटाला ७० युरोंची मर्यादा घातली आणि युरोपा लीगला ४५. ती २०२४-२५ मध्ये ६० आणि ४० झाली, २०२५-२६ पासून ५० आणि ३५. कॉन्फरन्स लीगला २०. अवे चाहत्यांसाठी क्षमतेच्या किमान ५ टक्के जागा ठेवायचा नियम आहेच. ५० युरोही कमी नाहीत, पण कोणी मनाला येईल तो आकडा लिहू शकत नाही.

---

मधली_फळी

@रेषेवरून, तुमच्या मुद्द्याला धरूनच एक गोष्ट. ऑक्टोबर २०१५ मध्ये बायर्न म्युनिकचे चाहते आर्सेनलच्या मैदानावर पहिली पाच मिनिटं आतच आले नाहीत. तिकीट ६४ पौंडांचं होतं. अवे एंड रिकामा, फक्त निषेधाचं कापड. आणि ते आत आले तेव्हा आर्सेनलच्या चाहत्यांनी टाळ्यांनी त्यांचं स्वागत केलं. भाव यजमान क्लब ठरवतो म्हणून यजमान चाहते पाहुण्यांचे शत्रू होत नाहीत, हे तिथे सगळ्यांना दिसलं.

---

स्पेशल_गाडी

जर्मनीत राहतो, म्हणून तिकडचं सांगतो. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

बुंडेसलिगामध्ये (जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये) पाहुण्यांना क्षमतेच्या १० टक्के जागा मिळतात, आणि त्यात उभं राहून बघायच्या जागा असतात. त्या स्वस्त असतात. तरी कुरबुर होतेच. २०१० मध्ये शाल्केच्या मैदानावर उभ्या जागेचा दर २० युरोंच्या वर गेला म्हणून डॉर्टमुंडच्या चाहत्यांनी 'काइन त्स्वानी' ('वीस नको') ही मोहीम काढली आणि डर्बीवर, म्हणजे शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या सामन्यावर, बहिष्कार टाकला. डर्बीवर! इंग्लंडमधली २० पौंडांची मागणी पुढे तीन वर्षांनी आली, तिची मुळं मला इथे दिसतात.

प्रवासाचं म्हणाल तर बहुतेक क्लबांच्या सामन्याच्या तिकिटातच त्या शहरातल्या आणि परिसरातल्या बस, ट्राम, लोकलचा प्रवास धरलेला असतो. पाहुण्यालाही तो लागू. म्हणजे स्टेशनवर उतरलं की पुढे वेगळं तिकीट काढायचं नाही. शहरापर्यंत जायला चाहत्यांच्या संघटना आणि क्लब मिळून खास गाड्या ठरवतात, पूर्ण गाडीच्या गाडी चाहत्यांची. मोठ्या क्लबांना ते जमतं, छोटे बसवर भागवतात.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती माणसांची व्यवस्था. इथल्या क्लबांत चाहता-प्रतिनिधी हा पगारी कर्मचारी असतो. तो अवे सामन्याला चाहत्यांसोबत जातो, यजमान क्लबशी, पोलिसांशी आधी बोलून ठेवतो: कोणत्या गेटने सोडणार, ढोल आणि झेंडे चालतील का, सामन्यानंतर किती वेळ थांबवून ठेवणार. युएफानेही २०१२-१३ पासून आपल्या परवान्यासाठी प्रत्येक क्लबकडे असा संपर्क अधिकारी असणं सक्तीचं केलं. शिवाय शहराशहरांत 'फानप्रोयेक्ट' आहेत. तिथे सामाजिक कार्यकर्ते काम करतात आणि खर्च फुटबॉल संघटना, राज्य सरकार आणि नगरपालिका मिळून करतात. क्लबच्या मर्जीवर ते चालत नाहीत, म्हणून टिकले. १९९३ च्या राष्ट्रीय आराखड्यापासून ही रचना उभी आहे.

यातले बरेच जण अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अवे सहली काढतात. दारू नाही, सिगरेट नाही, सोबत जबाबदार माणसं, आणि भाडं मुलांना झेपेल असं. हॅम्बुर्गच्या सेंट पॉली क्लबचं फानलाडेन (चाहत्यांचं केंद्र) यासाठी प्रसिद्ध आहे. @शिट्टी, तुम्ही बंद वर्तुळाचं म्हणालात, त्यावरचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला उपाय हा आहे. पंधराव्या वर्षी जो अशा बसमधून गेला तो पुढे स्वतः बस ठरवणारा होतो.

---

शिट्टी

@स्पेशल_गाडी, हे वाचून माझा विरोध बराच मवाळ झाला. मुलांच्या सहलींवर खर्च करणार असतील तर माझा पाठिंबा.

---

खालची_लीग

सगळी चर्चा वरच्या वीस क्लबांची चालली आहे. मी लीग टू, म्हणजे इंग्लंडचा चौथा विभाग, बघतो. तिथे ३० पौंडांची मर्यादा नाही. प्रीमियर लीगने आपल्यापुरता नियम केला, खालच्या तीन विभागांना तो लागू नाही. चॅम्पियनशिपमध्ये (दुसऱ्या विभागात) अवे तिकीट अनेकदा प्रीमियर लीगपेक्षा महाग पडतं, हे किती जणांना माहीत आहे? दोन विभागांतल्या कमाईत एवढी दरी, आणि खालचा चाहता जास्त मोजतोय.

अंतरं तीच. कार्लाइलहून प्लिमथ म्हणजे एका बाजूने जवळजवळ ३९० मैल. मंगळवारी रात्रीचा सामना असेल तर दोन दिवसांची रजा जाते. अशा सामन्याला दीडशे-दोनशे माणसं जातात. तुमचे अडीच लाख पौंड लीग टूच्या क्लबाला कुठून आणायचे? तिथे एवढ्या पैशांत काही खेळाडूंचे पगार निघतात.

इथे बस क्लब ठरवतच नाही. सपोर्टर्स क्लबचे स्वयंसेवक ठरवतात. त्यांची खरी अडचण भाडं किती हा नसून रिकाम्या सीटांची असते. बसचं भाडं ठरलेलं, भरली तरी तेवढंच आणि अर्धी गेली तरी तेवढंच. पंचवीस नावं आली तर दर माणशी दर दुप्पट होतो किंवा बस रद्द होते. रद्द झाली की ज्याच्याकडे गाडी नाही तो घरी बसतो, आणि पुढच्या वेळी तो नावच देत नाही. बसफेऱ्या अशाच हळूहळू बंद पडतात.

म्हणून छोट्या क्लबांकडून माझी मागणी वेगळी आहे. सवलत देऊ नका, हमी द्या. स्वयंसेवकांनी पूर्ण बस धरून दर ठरवावा, आणि काही सीटा रिकाम्या राहिल्या तर तेवढा फरक क्लबने भरावा. बस भरली तर क्लबला एक पेनीही पडणार नाही. आणि बस नक्की जाणार हे लोकांना कळलं की ती भरण्याची शक्यताच वाढते.

---

दूरचा_कॉर्नर

@खालची_लीग, हमीची कल्पना फार आवडली. मी फक्त सवलतीच्या अंगाने विचार करत होतो.

खालच्या विभागांत यजमानांचा दृष्टिकोनही वेगळा असतो का? संडरलंड २०१८ ते २०२२ लीग वनमध्ये (तिसऱ्या विभागात) होतं, तेव्हा त्यांचे चाहते जिथे जात तिथला अवे एंड भरून टाकत, एवढं वाचलं आहे.

---

खालची_लीग

हो, खूप वेगळा. संडरलंड, पोर्ट्समथ, बोल्टन असे क्लब खाली आले की छोट्या यजमानांची सीझनमधली सर्वांत मोठी गर्दी त्या दिवशी असते, आणि तीत मोठा वाटा पाहुण्यांचा. तिकिटं, खाणंपिणं, कार्यक्रमपत्रिका, पार्किंग, सगळीकडून पैसे येतात. म्हणून छोटे क्लब पाहुण्यांना क्लबहाउसमध्ये बसू देतात, नीट बोलतात, वाटेची माहिती आधी छापतात. चाहता पैसा आणतो हे त्यांना दिसतं. वरच्या लीगमध्ये टीव्हीच्या पैशापुढे तीन हजार तिकिटं नगण्य असतात, म्हणून तिथे पाहुण्याला पिंजऱ्यासारख्या जागेत, खांबामागे कोंबलं तरी हिशेबात फरक पडत नाही.

---

जादा_वेळ

टीव्हीचा विषय निघालाच आहे तर वेळापत्रकाबद्दल लिहायलाच हवं. मला तर हा तिकिटापेक्षाही मोठा प्रश्न वाटतो.

सामना शनिवारी तीनला म्हणून जाहीर होतो. स्वस्तातलं रेल्वे तिकीट लवकर काढलं तरच मिळतं. मग टीव्हीसाठी तो सोमवारी रात्री आठला हलतो. रेल्वेचं तिकीट वाया. लंडनमधला रात्री आठचा सामना संपतो तेव्हा दहा वाजत आलेले असतात, न्यूकॅसलकडे त्या रात्री परतणारी गाडी गाठणं शक्य नसतं. म्हणजे हॉटेल आलं, मंगळवारची रजा आली. २०२३ मध्ये वुल्व्हज-चेल्सी सामना २४ डिसेंबरला ठेवला. १९९५ नंतर नाताळच्या आदल्या दिवशी प्रीमियर लीगचा सामना झाला नव्हता. चाहत्यांच्या संघटनांनी विरोध केला, सामना झालाच.

२०२५ पासूनच्या चार वर्षांच्या देशांतर्गत हक्कांसाठी ६७० कोटी पौंड मोजले गेले आहेत. वेळ बदलण्याचा अधिकार त्या किमतीत धरलेला आहे, तर बदलाची भरपाईही त्यातूनच यायला हवी. सामना हलवला की त्या सामन्याच्या बस मोफत, खर्च लीगच्या टीव्ही उत्पन्नातून. क्लबकडे मागायचंच नाही.

असं घडलेलं आहे, निदान एकदा. एप्रिल २०२२ मध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी लंडनच्या वेम्बलीला खेळणार होते. ईस्टरच्या त्या शनिवार-रविवारी रेल्वेच्या कामांमुळे दोन्ही शहरांतून लंडनला थेट गाडी नव्हती. दोन उत्तरेकडचे क्लब, आणि सामना दक्षिणेत! आरडाओरडा झाल्यावर एफएने (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने) १०० मोफत बस दिल्या, ५,००० चाहत्यांसाठी. ज्याने अडचण निर्माण केली त्याने खर्च उचलला. हे तत्त्व कायमचं व्हावं.

---

स्पेशल_गाडी

@जादा_वेळ, जर्मनीत बुंडेसलिगाने २०१७-१८ पासून सोमवारी रात्रीचे थोडे सामने सुरू केले होते. सीझनला पाचच. तरी चाहत्यांनी रान उठवलं, मैदानात टेनिस बॉल फेकले, स्टँड रिकामे ठेवले. २०२१-२२ पासून ते सामने बंद झाले. मुख्य तक्रार हीच होती की कामाच्या दिवशी रात्री पाहुणा चाहता घरी कसा जाणार. भरपाई ठीक आहे, पण ज्या वेळेला माणूस परत जाऊ शकत नाही त्या वेळेला सामना न ठेवणं ही चाहत्याला सर्वांत स्वस्त मदत आहे.

---

डावा_पाय

बसबद्दल एक सावधगिरीची सूचना. मदत आणि सक्ती यांतली रेषा पुसट असते.

नेदरलँड्समध्ये बऱ्याच सामन्यांना 'कॉम्बी' पद्धत आहे. अवे तिकीट हवं तर ठरवून दिलेल्या बसनेच किंवा रेल्वेनेच जायचं, दुसरा मार्ग नाही. सुरक्षेच्या नावाखाली. मग आधी पोचून शहर बघणं नाही, मित्राच्या गाडीतून जाणं नाही. फ्रान्समध्ये लीग १ च्या अवे तिकिटाला १० युरोंची मर्यादा आहे, युरोपात इतकी चांगली क्वचितच सापडेल, पण प्रशासन पाहुण्या चाहत्यांच्या प्रवासावर वरचेवर बंदी घालतं. स्वस्त तिकीट आहे आणि जायला परवानगी नाही. अर्जेंटिनात तर २०१३ पासून अनेक वर्षं पाहुण्या चाहत्यांना मैदानात येऊच दिलं नाही.

इंग्लंडमध्येही सामन्याला जाणाऱ्या बसमध्ये दारू नेण्यावर १९८५ च्या कायद्याने बंदी आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कुटुंबासोबत जाणाऱ्याला ते बरंच. पण क्लब बस देतो म्हणून 'बसनेच या' असं उद्या कोणी म्हणू नये. मदत घेण्याचं स्वातंत्र्य हवं, तसं न घेण्याचंही.

---

पाचवा_अधिकारी

इतक्या प्रतिसादांत अपंग चाहत्यांचा उल्लेख आला नाही, म्हणून लिहिते.

माझा भाऊ व्हीलचेअर वापरतो. घरच्या सामन्यांना त्याची जागा ठरलेली आहे, सोबतच्या माणसाला वेगळं तिकीट लागत नाही. अवेला प्रत्येक वेळी नव्याने सगळं विचारावं लागतं. पाहुण्यांसाठी व्हीलचेअरच्या जागा किती, त्या अवे एंडमध्ये आहेत की घरच्या चाहत्यांमध्ये, पुढचे लोक उभे राहिले तर त्याला मैदान दिसेल का. घरच्या चाहत्यांमध्ये बसवलं तर आपल्या संघाचा गोल झाल्यावर गप्प बसायचं. त्याला ते अपमानास्पद वाटतं, आणि त्यात धोकाही आहे.

आणि बस! स्वयंसेवकांनी ठरवलेल्या साध्या बसला लिफ्ट नसते. लिफ्टवाली बस महाग, तिच्यात व्हीलचेअरसाठी सीटा काढाव्या लागतात म्हणून माणसं कमी बसतात. वरचा सगळा हिशेब इथे कोलमडतो. प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१५ मध्ये कबूल केलं होतं की दोन वर्षांत स्टेडियम अपंगांसाठीच्या मार्गदर्शक निकषांप्रमाणे करू. बऱ्याच ठिकाणी कामं झालीही. पण स्टेडियमच्या दारापर्यंत पोचायचं कसं, याला त्यात उत्तर नव्हतं.

@खालची_लीग, तुमच्या हमीच्या योजनेत एक भर घाला. लिफ्टवाली बस लागली तर साध्या बसपेक्षा जो जादा खर्च येईल तो संपूर्ण क्लबने द्यावा, आणि ते मागण्यासाठी कोणाला आपली परिस्थिती दरवेळी समजावून सांगायला लागू नये.

---

खालची_लीग

@पाचवा_अधिकारी, भर घातली. आमच्या सपोर्टर्स क्लबची क्लबसोबत सीझनआधी बैठक असते, तिथे हे मांडणार आहे: रिकाम्या सीटांची हमी, लिफ्टच्या बसचा पूर्ण फरक, आणि अठरा वर्षांखालच्यांसाठी दर बसमध्ये काही सीटा. मंगळवार-बुधवारच्या लांबच्या सामन्यांपासून सुरुवात करा असं सुचवेन, कारण बस रद्द होतात त्या तिथेच. @स्पेशल_गाडी, मुलांच्या सहलींत पालकांची संमती आणि सोबतच्या माणसांची पडताळणी तिकडे कशी करतात ते सवडीने लिहाल का? क्लबवाले पहिला प्रश्न तोच विचारतील.

---

स्पेशल_गाडी

नक्की. थोडक्यात आत्ता: पालकांची लेखी संमती, ठरलेल्या मुलांमागे एक प्रौढ, सोबत जाणाऱ्यांत फानप्रोयेक्टचे प्रशिक्षित कर्मचारी, आणि परत आल्यावर मूल पालकांच्या ताब्यात देईपर्यंत जबाबदारी त्यांची. आमच्या इथल्या सहलींचा अर्ज मागवून घेतो आणि त्यातल्या अटी मराठीत इथेच टाकतो. बैठक कधी आहे ते कळवा, त्याआधी टाकेन.